काट्यावर कोणी येईना

एंजेलाने स्कूटी थेट कारखान्याच्या केनयार्डात, उसाच्या गाड्यांच्या तळावर, घातली, तेव्हा मागे बसलेल्या रूथवहिनीने कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, इथं? उसाच्या ट्रॅक्टरांत?"

"इथंच! बघा तरी वहिनी, किती माणसं. आणि एकालाही पळून जाता येत नाही."

हे मात्र खरं होतं. जानेवारीची दुपार, श्रीरामपूरकडचा साखर कारखाना, आणि वजनकाट्यापुढे ट्रॅक्टर नि बैलांच्या टायरगाड्यांची ही लांब रांग. भोंग्यावर नंबर पुकारला की गाडी काट्यावर घ्यायची, तोवर नुसतं बसायचं. काही जण तर कालपासून बसले होते.

एंजेलाला अशीच माणसं हवी होती. नर्स होती तोवर तिच्या पत्त्यांच्या जादूला प्रेक्षकांचा तोटा नव्हता. पाय टांगलेला पेशंट जाणार कुठे? निवृत्त झाली आणि प्रेक्षकच गेले. स्टँडवर मांडावं, तर ऐन रंगात एसटी लागायची. चर्चच्या महिला मंडळात पत्ते काढले, तर बायकांनी डोळे मिटून प्रार्थनाच सुरू केली. ही स्टेजवरची जादू नव्हे, गुडघ्याला गुडघा लावून बघायची. चार माणसं शेवटपर्यंत बसली तरी पुरे. पण तेवढीही मिळेनात!

"आज शेवटचं हं," रूथने बजावलं. "इथंही शेवटपर्यंत कोणी थांबलं नाही, तर घरी जाऊन पत्ते बंबात. तूच कबूल केलंयस."

"घालीन की बंबात," एंजेला म्हणाली. हात मात्र तिचे आत्ताच शिवशिवत होते.

एका ट्रॉलीच्या सावलीत तिने पोतं अंथरलं, पत्त्यांचा कॅट काढला आणि फर्रकन पिसला. बस्स! पत्त्यांचा आवाज ऐकून दोन मिनिटांत आठ जण गोल करून बसले. एंजेलाने आनंदाने कॅट पुन्हा एकदा पिसला.

"रमी का तीन पत्ती?" ट्रॅक्टरवाल्या वाल्मिकने मांडी ठोकून विचारलं. "वाटा की बाई!"

म्हणजे मंडळी खेळायला बसली होती. स्कूटीवर बसल्या बसल्या रूथ फस्सकन हसली.

"वाटायचं नाही भाऊ. एक पान ओढा, बघा, ध्यानात ठेवा. मला दाखवू नका."

"मंग जिंकायचं कसं?"

"जिंकायचं नाही. बघायचं."

"नुसतं बघायचं?" दोघे तर उठलेच. वाल्मिकने निव्वळ भिडेपोटी पान ओढलं. एंजेलाने ते कॅटच्या मधोमध खुपसलं आणि वरचं पान त्याला उचलायला लावलं. त्याचंच! पुन्हा खुपसलं, पुन्हा वर.

"आयला!" वाल्मिक गुडघ्यांवर आला. "लई डेंजर बाई हाय ही! अरे, या रं इकडं!"

उठलेले दोघे परत आले, येताना आणखी दहा जणांना घेऊन आले. पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेली भागूबाई टायरगाडीवरून उतरली आणि गड्यांना कोपरानं सारत पार पुढे येऊन बसली. एंजेलाचे कान गरम झाले होते. असं तिला वर्षात झालं नव्हतं.

कॅट पिसून तिने एक पान उलटं केलं. किलवरची नव्वी. "हेच ना तुमचं?"

"न्हाई!" वाल्मिक ओरडला.

"चुकली! बाई चुकली!" एकच गलका झाला.

"चुकू द्या." तिने ते पान भागूबाईच्या भेगाळ तळहातावर पालथं ठेवलं. "मावशी, वर दुसरा हात. घट्ट धरा. मी फुंकर मारीपर्यंत उघडायचं नाही. मग बघू, पान कोणाचं ते."

तेवढ्यात भोंगा खरखरला. "एकशे सतरा! एकशे सतरा नंबर, काट्यावर!"

वाल्मिकचाच नंबर. झालं, लागली एसटी! एंजेलाने हातातला कॅट पोत्यावर ठेवला.

"जा भाऊ," ती कशीबशी म्हणाली. "हुकला नंबर तर परत शेवटी लागावं लागेल."

वाल्मिकने ट्रॅक्टरकडे बघितलं. मग भागूबाईच्या मिटल्या हातांकडे बघितलं. आणि खाली बसला.

"म्या न्हाई जात. पान माझं हाय. अठरावाल्याला घ्या!"

"मी कशाला जाऊ?" मागून अठरावाला खेकसला. "मला न्हाई व्हय बघायचं?"

"एकशे अठरा!... एकशे एकोणीस! अरे, मेलात का रं समदे?"

कोणी हललं नाही. काटा रिकामा पडला. एंजेलाने मान वर केली तर समोर रूथवहिनी, पर्स छातीशी धरून टाचा उंचावून उभी.

"वहिनी, तुम्ही तर चाळीसदा बघितलंय हे!"

"बोलू नकोस. दिसू दे मला."

काट्यावरचे साहेब केबिन सोडून तरातरा आले. गर्दीत घुसून गरजले, "काय तमाशा मांडलाय? कोणी बसवलंय या बाईला इथं?"

"गप ऱ्हावा की सायेब!" भागूबाईने वर बघितलंसुद्धा नाही. तिचे डोळे आपल्याच हातांवर खिळले होते. "पान वळवळतंय हातात."

साहेबांनी वाकून त्या हातांकडे बघितलं, आणि तेही उकिडवे बसले.

एंजेलाने अजून फुंकर मारलीच नव्हती.