आईच्या तोंडून

“बाळाचं पूर्ण नाव सांगा,” शरयूनं पुन्हा विचारलं आणि तानुबाईनं पुन्हा पदर तोंडावर ओढला.

शरयूच्या पाठीमागं परीक्षा घ्यायला पुण्याहून आलेले सुमंत सर हाताची घडी घालून उभे होते. सांगलीच्या त्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्या मागोमाग नियमही आले होते. परीक्षा पास झालेल्या नर्सनंच औषधाची ऑर्डर कॉम्प्युटरवर चढवायची, बाकीच्यांनी कीबोर्डला बोट लावायचं नाही. शरयू एकदा नापास झाली होती. आजची संधी शेवटची. आज घसरली तर वॉर्ड सुटणार आणि उरलेली नोकरी केसपेपरच्या खिडकीत बसून जाणार. वॉर्ड म्हणजे तिचा जीव. आजाऱ्याच्या उशाशी उभं राहण्यापलीकडं तिला दुसरं काही येत नव्हतं आणि नकोही होतं.

परीक्षेला पेशंट खरा, ऑर्डरही खरी. तानुबाईच्या मांडीवर तिचं चार वर्षांचं पोर न्यूमोनियानं धापा टाकत होतं. डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लिहिलं होतं, पण चिठ्ठीवर नाव नुसतं ‘हरिबा कोळेकर’. ऑर्डर चढवण्याआधी पेशंटचं पूर्ण नाव ऐकायचं, लहान मूल असेल तर आईच्या नाही तर बापाच्याच तोंडून, आणि आपण ते सुचवायचं नाही, हा सरांचा लाडका नियम. बाप मेंढरं घेऊन लांब गेलेला. आई जतकडची, तोंडातून ब्र काढेना.

तेवढ्यात सरांना फोनवर बोलावणं आलं. ते दाराबाहेर गेले आणि शरयूचा धीर सुटला. तानुबाईच्या कानाशी वाकून ती पुटपुटली, “हरिबाच ना?” तानुबाईनं चटकन मान हलवली. पडद्यावर हरिबा कोळेकर दिसला, शरयूनं बटण दाबलं. खालची ओळ तिनं वाचलीच नाही.

सर परत आले. आईनं नाव सांगितलं का, असं त्यांनी विचारलं. शरयू हो म्हणाली. सरांनी कागदावर ‘पास’ लिहून सही केली, आणि सकाळपासून देव पाण्यात घालून बसलेल्या शरयूनं एकदाचं हुश्श केलं.

चहाला निघताना तिचं सहज शेजारच्या खाटेकडं लक्ष गेलं. तिथं तानुबाईचे सासरे होते, दम्यानं बेजार. नवी नर्स मयूरी त्यांच्या दंडाला स्पिरिटचा बोळा लावत होती. सिरिंज मात्र लहान मुलाच्या डोसाची. हे कुणाचं इंजेक्शन, शरयूनं विचारलं. हरिबा कोळेकरांचं, मयूरी म्हणाली, कॉम्प्युटरवर तसंच आलंय.

शरयूनं तिचा हात धरला. म्हाताऱ्याला पेनिसिलिन सोसत नव्हतं. मागच्या खेपेला त्याचे प्राण कंठाशी आले होते आणि तेव्हा उशाशी शरयूच उभी होती.

आता तिला सगळं उमगलं. आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं, आणि पडद्यावरच्या त्या न वाचलेल्या ओळीत दुसरा हरिबा होता. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून लेकाचंही घेत नाही. पूर्ण नावात तर नवराही येतो. यात शरयूला नवीन ते काय होतं? वाईला तिच्या सासरी तेच चालायचं. तिच्या मुलाचं नाव सासऱ्यांचंच, गंगाधर, आणि ती त्याला जन्मापासून राजा म्हणत आली होती. पास होण्याच्या घाईनं तिला आंधळी केलं होतं.

मयूरीला गप्प बसवून इंजेक्शन पोराला दिलं असतं तर आजचं कुणाला कळलं नसतं. पण संध्याकाळचा डोस पुन्हा म्हाताऱ्याच्याच खाटेवर आला असता. शरयूला स्वतःची लाज वाटली, रडूही आलं. ती सरांपुढं गेली आणि घडलं ते सांगून टाकलं, खोटं बोलल्याचंसुद्धा.

सर म्हणाले, “नियम तुम्हाला छळायला केला नव्हता, सिस्टर.” त्यांनी ‘पास’वर काट मारली, चुकीची ऑर्डर रद्द केली आणि स्वतः कीबोर्डपुढं बसले.

आता प्रश्न त्यांनी विचारला. तानुबाई मुकीच. म्हातारा धापा टाकत म्हणाला, मी सांगतो की सायेब, माझा नातू हाय. सरांनी मान हलवली. एकदा दुधानं तोंड पोळलं होतं, आता ते ताकही फुंकून पिणार होते. आईच्या तोंडूनच, ते म्हणाले. पोराची छाती भात्यासारखी हलत होती, आणि कुणी काही करेना.

शरयूला आता तिथं बोलायचा अधिकार नव्हता. ती तानुबाईकडं गेलीच नाही. ती म्हाताऱ्याच्या खाटेशी बसली आणि हळूच म्हणाली, “आजोबा, तुम्ही जागे आहात म्हणून सूनबाईची जीभ उचलत नाही.”

म्हातारा घटकाभर तिच्याकडं बघत राहिला. मग मोठ्यानं, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलला, “मी तर कवाच झोपलोय, बाई.” आणि घोंगडी डोक्यावरून घेऊन भिंतीकडं वळला.

तानुबाई त्या घोंगडीकडं पाहत राहिली. आत म्हाताऱ्यानं खोकला दाबून धरल्यानं घोंगडी सारखी हलत होती. मग तिनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

“हरिबा धुळा कोळेकर,” ती म्हणाली.

मांडीवरच्या पोरानं डोळे उघडून आईकडं पाहिलं. तिच्या तोंडून आपलं नाव ते पहिल्यांदाच ऐकत होतं.