सुंदरचा खुळखुळा

आवडी या तमिळ शहरातल्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या हेमावतीने पावडरच्या रिकाम्या डब्यात चिंचोके भरून आपल्या बाळासाठी, सुंदरसाठी, खुळखुळा केला. तिने हलवला की तो छान वाजे. सुंदरच्या हातात गेला की गप्प.

"लहान आहे, नीट हलवत नसेल," नवरा राममूर्ती हसून म्हणाला आणि कामावर गेला.

पण सुंदर तर दोन्ही हातांनी जोरजोरात हलवत होता. तिने डबा काढून घेतला आणि त्याला चमचा नि पितळेची वाटी दिली. त्याने वाटीवर चमचा दाणकन आपटला. आवाज झालाच नाही.

तेवढ्यात सुंदर मागे कलंडला आणि त्याचं डोकं फरशीवर आदळलं. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तो आ वासून रडत होता. घरात मात्र रेडिओवरचं तमिळ गाणं तेवढं ऐकू येत होतं.

त्याला छातीशी कवटाळून ती बाहेर धावली. शेजारच्या गोदामामी उन्हात वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, घालत बसल्या होत्या.

"मामी! माझ्या लेकराला बघा हो!" ती जीव तोडून ओरडली.

मामींनी मान वर केली नाही.

ती त्यांच्या पाठीशी जाऊन पुन्हा ओरडली, आणि तेव्हा तिला कळलं, की ही हाक तिच्या स्वतःच्याही कानांवर आलेली नाही.