खारीची खुर्ची

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: जुन्या टपालघराची भिंत, तिच्यावर चुन्याचे थरावर थर, आणि बोथट पत्र्याने ते अलगद खरवडणारी तुमच्याएवढी एक मुलगी. जोर लावला की खालची नक्षी गेलीच! तिचा तो चिवटपणा पाहून सगळ्यांनी तिचं नाव पाडलं, खार.

टपालघर कधीचं ओस पडलं होतं. आता तिथे वस्तीसाठी वाचनालय होणार होतं. गल्लीतली माणसं आपणहून राबत होती आणि ताई सगळ्यांना हाकत होत्या.

"आजही पहिली हजर?" ताई म्हणायच्या. "घर जवळच दिसतंय गं तुझं!"

"अगदी जवळ," खार म्हणायची.

खिडकीजवळची खुर्ची ताईंनी तिला देऊ केली होती. उद्या उद्घाटनाला तिथे बसून तिने सगळ्यांना गोष्ट वाचून दाखवायची. खार येता-जाता त्या खुर्चीवरून हात फिरवत होती. तिच्यासाठी कोणी जागा राखून ठेवल्याचं तिला आठवत नव्हतं.

संध्याकाळी गवंडीकाका माळ्यावरून तणतणत उतरले.

"ताई, वर कोणीतरी बिऱ्हाड थाटलंय! अंथरूण काय, स्टोव्ह काय. राजेशाही थाट!"

ताईंचा चेहरा आक्रसला. "आपण घाम गाळायचा आणि फुकट्यांनी वर लोळायचं? असल्यांची सावलीसुद्धा नको मला इथे. खारे, तू सगळ्यांच्या आधी येतेस. कोणी दिसलं का गं?"

खारीने खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं.

"एक बाई असते," ती म्हणाली. "दिवे लागले की मागच्या दाराने शिरते."

अंथरूण-पांघरूण रस्त्यावर गेलं. काका मागच्या दाराशी दबा धरून बसले. थोड्या वेळाने ती आली. पाय सुजलेले, हातात दुधाची पिशवी. काकांनी दंड धरून तिला पुढे ओढत आणलं.

"बोल! आणखी कोण आहे तुझ्याबरोबर?" ताई कडाडल्या.

बाईने एकेकाकडे पाहिलं. खारीवर तिची नजर जराशी रेंगाळली, मग खाली वळली.

"कोणी नाही," ती म्हणाली. "एकटीच आहे मी."

"चल, नीघ!"

ती फाटकाबाहेर पडली. खार धावत तिच्या मागे गेली आणि आईने मागे वळून पाहायच्या आत तिने फाटकाला आतून कडी घातली.