नत्थुजींची नजर

हिवरखेडच्या नत्थुजींना रोज सकाळी दोन शेतांमधल्या धुऱ्यावर उभं राहून शेजारच्या गजेंद्रची संत्र्याची बाग पाहिल्याशिवाय बिनसाखरेचा चहाही उतरत नसे. साखरेच्या आजारानं दोघांच्याही डोळ्यांचे पडदे सुजलेले. अकोल्याच्या डॉक्टरांनी दोघांना दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला बोलावलं होतं. गजेंद्रनं एकही तारीख चुकवली नाही.

"गाडीत जागा आहे, चाला ना भाऊ," तो दर वेळी म्हणायचा.

"त्याच्याच गाडीत बसून त्याच्याच संत्र्याचे भाव आयकू काय?" नत्थुजी बायकोला म्हणत आणि घरी राहत. अशा चार तारखा गेल्या.

पाचव्या महिन्यात नत्थुजींना बाग दिसेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला.



दुसऱ्या दिवशी गजेंद्रनं धुऱ्यावर टांगलेली काळी बाहुली उतरवून ठेवली.