मागे राहणाऱ्याचं नाव

ब्रनो शहरातल्या एका छोट्या गेम कंपनीत रादकाचं काम एकच: नवा गेम खेळायचा आणि चुका काढायच्या. पहिल्या भागात जमिनीखालच्या शहरातून दोघं पळतात, पण दार एकालाच बाहेर सोडतं. मागे कोण राहणार, त्याचं नाव गेम पडद्यावरच्या एका चौकटीत विचारतो. अशा चौकटीत चाचणीवाले सुचेल ते नाव ठोकून मोकळे होतात. रादका शेजारच्या टेबलावर गेमची चित्रं काढणाऱ्या बोहुशचं ठोकायची. दोन वर्षं रोज तिनं त्याला आत कोंडलं आणि रोज दोघं खिदळली.

आज दुसरा भाग. तीस वर्षांनी नायक परततो आणि तेच दार उघडतो.

रादकानं दार उघडलं. आत खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. त्याच्या अंगठ्याला निळी चिकटपट्टी होती.

सकाळी पाव कापताना बोहुशनं अंगठा कापून घेतला होता. निळी चिकटपट्टी रादकानंच लावली होती.

"बोहुश, हा म्हातारा कुणी काढला रे?"

"कुठला म्हातारा? ती खोली अजून रिकामीच आहे, बाई!" हसत हसत तो तिच्या खांद्यावरून वाकला.

म्हाताऱ्यानं मान वर केली आणि पट्टीच्या अंगठ्यानं कान खाजवला, अगदी बोहुश खाजवतो तसा. पडद्यावर चौकट उघडली: आता इथे कोण बसणार?

बोहुशचं हसू विरलं. रादकाकडे न बघताच त्यानं कीबोर्ड ओढून घेतला.

"अरे, काय करतोयस?"

"तू दोन वर्षं माझंच नाव टाकत होतीस ना?"

चौकटीत 'रा' उमटलं, तसा म्हातारा खुर्चीतून उठला.