दोन भोंगे

आज स्मारोचा कप्तान म्हणून पहिला दिवस होता. मिलोस बेटाच्या कडेला, एका शांत खाडीत तिने पर्यटकांच्या बोटीचा नांगर टाकला. झाहारिसमामा पाहुण्यांसाठी कोळंबी भाजत होता आणि तिचे तर आनंदाने पाय जमिनीवर ठरत नव्हते.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. स्मारोने भोंगा वाजवला. हात आवरेना, म्हणून पुन्हा वाजवला.

"अगं वेडे, दोनदा?" मामा चिमटा नाचवत ओरडला. "एक म्हणजे सूर्याला निरोप. दोन म्हणजे आमच्याकडे प्यायला या! आता सगळे फुकटे येतील."

"येऊ देत की मामा! रोज कुठे कप्तान होते मी?"

खाडीत आणखी दोनच बोटी होत्या. 'येतो' म्हणून पहिलीने भोंगा वाजवला, मग दुसरीने. स्मारो हसत जास्तीचे ग्लास मांडू लागली.

तेवढ्यात तिसरा भोंगा वाजला. तो बोटीच्या खालून, पाण्यातून आला. पायाखालच्या फळ्या थरथरल्या. पाहुण्यांना ही मोठी गंमत वाटली. "पुन्हा! पुन्हा!" म्हणत ते तालात टाळ्या वाजवू लागले.

मामाने चिमटा खाली ठेवला. "स्मारो, नांगर बघ."

ती धावत बोटीच्या पुढच्या टोकाशी गेली. नांगर पक्का होता, पण साखळीला खालून हिसके बसत होते, कुणी एकेका हाताने धरून वर चढावं तसे.

हिसके टाळ्यांच्या तालावर पडत होते.