सातव्या वर्षाची विक्री

“इथे सही कर, नायेफ. आणि इथे. झालं, सगळ्या बागांचा मालक तू!” मेनाशे हसत म्हणाला.

मेनाशे सास्सून हा गॅलिलीतल्या त्या ज्यू वसाहतीचा चिटणीस. नायेफ तिथल्या डाळिंबाच्या बागांत तीस वर्षं राबलेला अरब. वय सत्तर. सातवं वर्ष लागत होतं. दर सातव्या वर्षी ज्यूंनी आपली जमीन पडीक ठेवायची, असा त्यांच्या धर्माचा नियम. मग खायचं काय? म्हणून वर्षापुरती ती परधर्मीयाला विकायची. जमीन त्याची झाली की नियम सुटला. वर्ष सरलं की परत घ्यायची. नेहमीचा घेणारा यंदा वारला होता, म्हणून नायेफला बोलावणं.

नायेफने पेन उचललं नाही. ही जमीन मुळात त्याच्याच गावाची, ऐन जौझाची. इस्राएल झालं त्या अठ्ठेचाळीसच्या लढाईत ज्यू सैनिकांनी गाव खाली केलं, घरं पाडली. माणसं टेकडीपलीकडच्या गावात पाहुणी म्हणून गेली ती तिथेच राहिली. ऐन जौझाचं उरलं होतं ते फक्त गोदामामागचं कबरस्तान, गुडघाभर काट्यांत. नायेफची थोरली बहीण तिथे पुरलेली होती, चाळीस दिवसांची असताना गेलेली. आई आता त्र्याण्णव वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. तिने एकच धोशा लावला होता, मला माझ्या पोरीशेजारी ठेवा. नायेफने वसाहतीकडे चार अर्ज केले. चारही नामंजूर. आज कबर मागतोय, उद्या अख्खं गाव मागशील, असं मेनाशेने तोंडावर सांगितलं होतं.

“रब्बीसाहेब,” नायेफ टेबलापलीकडच्या धर्मगुरूला म्हणाला, “ही विक्री खरी, की नुसतं नाटक?”

“नाटक कसं? नाटक असेल तर वर्षभरातलं एकही डाळिंब आम्हाला चालणार नाही. विक्री खरीच.”

“मग कबरस्तानासकट ही जमीन माझी. आई गेली की तिला मी तिथे पुरणार.”

मेनाशेचं हसू पळालं. “बोट दिलं तर हात धरतोस होय रे? माझ्या आजोबांची कबर बगदादला आहे. मला जाऊ देतं का कुणी तिथे? आम्हालाही हाकललंच की! जगात ही एवढीच जमीन आमची.”

“मग बगदादमधून काय मी हाकललं तुम्हाला?”

रब्बीने दाढी कुरवाळत कागद पुन्हा चाळला. वैतागला होता बिचारा, पण माणूस सरळ. “त्याचं बरोबर आहे, मेनाशे. अडवलंस तर विक्री खोटी ठरेल. मग बसा बागा वाळताना बघत.”

मेनाशेने कपाळावर हात मारून घेतला. “एकच कबर. वर दगड नाही, नाव नाही. कळलं?”

नायेफने पाचही पानांवर सह्या केल्या. चार अर्जांनी जे झालं नाही, ते यांच्याच धर्माने करून दिलं! घरी जाताना गाडीत तो एकटाच मोठमोठ्याने हसला.

आई जागी होती. त्याने कागद तिच्या पांघरुणावर ठेवला.

“आई, झालं गं काम! कबरस्तान आपलं. वर्षभर का होईना, आपलं.”

म्हातारीने कागदावरून बोटं फिरवली. वाचता येत नव्हतं तिला. “आपलं कसं झालं?”

“मी विकत घेतलं.”

“कुणाकडून?”

“त्यांच्याकडूनच की, वसाहतीकडून.” मग रब्बीला कसं पेचात पकडलं, मेनाशेचं तोंड कसं एवढंसं झालं, सगळं त्याने रंगवून सांगितलं. म्हातारी हसली नाही. तिने कागद हळूच बाजूला सरकवला.

“सरकारकडून जमिनीच्या भरपाईचे कागद तीनदा आले होते,” ती म्हणाली. “तुझ्या बापाने तीनदा चुलीत घातले. आम्ही उपाशी निजलो, पण त्याने सही केली नाही.”

“आई, अगं, मी तुझ्यासाठी...”

“जमीन विकत घेतलीस, म्हणजे ती त्यांची होती. माझ्या मढ्यापायी एवढं लिहून दिलंस, नायेफ?”